ठमीच्या पाठीवरचं ठिगळ

ठमीच्या पाठीवरचं गुलाबी ठिगळ पाहिलं आणि मला कळलं, की या घरात माझ्या आधी एक डेंटिस्ट येऊन गेली आहे.

टेक्सासमधल्या अर्विंगच्या त्या अपार्टमेंटमध्ये येऊन मला जेमतेम दोन तास झाले होते. लग्न होऊन तीन महिने. अंगावरचे प्रवासाचे कपडेसुद्धा बदलले नव्हते. राकेश बेडरूमच्या कोपऱ्यातल्या मोठ्या टबापाशी गेला, वाकला आणि ज्वारीच्या भाकरीएवढं कासव दोन्ही हातांवर घेऊन आला. ‘ही ठमी,’ म्हणाला. तेव्हा तो जसा हसला तसा नागपूरला आमच्या लग्नाच्या एकाही फोटोत हसलेला नाही. मी नंतर अल्बम काढून तपासलं.

दुसरी कुणी असती तर तिला ते ठिगळ म्हणजे प्लास्टिकचा तुकडा वाटला असता. माझं नशीब असं, की मी नागपूरच्या डेंटल कॉलेजातून बीडीएस केलेलं. तो गुलाबी रंग मी झोपेतही ओळखेन. कवळीच्या हिरडीचा रंग तो. पावडर आणि लिक्विड कालवायचं, लावायचं, घट्ट झालं की घासायचं. आणि हे नुसतं लावलेलं नव्हतं. कासवाच्या कवचावर एकात एक रेषा असतात, तशाच रेषा त्या अ‍ॅक्रिलिकवर कोरून मूळच्या रेषांना जोडल्या होत्या. कडेवरून नख फिरवलं तरी अडकत नव्हतं. आमच्या प्रॅक्टिकलच्या मॅडम अशा कामाला दहापैकी नऊ द्यायच्या. मला कधी सातच्या वर मिळाले नाहीत. खरं सांगते, ती बाई होती याचा राग नंतर आला. आधी राग आला तो सफाईचा.

‘हे कुणी केलं?’ मी विचारलं.

‘जुनं आहे ते,’ राकेश म्हणाला. ‘सेकंड फ्लोअरच्या बाल्कनीतून पडली होती.’

मी विचारलं होतं कुणी, त्याने सांगितलं कधी.

बाई कशावरून, असं कुणी म्हणेल. पुरुष डेंटिस्टने मित्राच्या कासवाला ठिगळ लावून दिलं असतं, रेषा कोरत बसला नसता. शिवाय ते नाव. मी विचारलं तर म्हणे रूममेट जाताना कासव ठेवून गेला. हा रूममेट टेक्सासचा, सहा फूट उंच, गोरा. तो कासवाचं नाव ठमी ठेवणार होय?

पण मी पुन्हा विचारलं नाही. माझ्या नाकावर राग असतो, तसा गर्वही असतो. विचारलं असतं तर मला फरक पडतो हे त्याला कळलं असतं. त्यापेक्षा जळत राहणं परवडलं. दीड वर्ष मी ते काम मन लावून केलं.

दुसरं काम नव्हतंच. माझा व्हिसा डिपेंडंट, नोकरी करायची परवानगी नाही, आणि दात बघायचे तर इथल्या परीक्षा वेगळ्या. मित्रांकडे गेलो की राकेश सगळ्यांशी ओळख करून द्यायचा, ‘ही उपासना, माझी मिसेस. घरीच असते.’ त्या ‘घरीच’मधला ‘च’ मला रात्रंदिवस टोचायचा. सकाळी तो गाडी घेऊन ऑफिसला गेला की घरात मी आणि ठमी. सासू लांब, नणंद लांब, आणि सवत टबात.

संध्याकाळी तो आला की आधी टबापाशी. हातातली बॅग खाली ठेवायच्या आत. पॅटिओवर जास्वंदीची कुंडी होती, तिचं फूल तोडून तो ठमीला भरवायचा. ती मान लांब करून फूल ओढायची आणि याचा अंगठा तिच्या पाठीवरच्या त्या गुलाबी ठिगळावरून फिरत राहायचा, पुढे-मागे, पुढे-मागे. त्याला ते कळतही नसावं. मला कळायचं. माझ्या पाठीवरून तो अंगठा असा विचार न करता कधी फिरला नव्हता.

मी बदले घेतले. सांगायला लाज वाटते, पण घेतले. कोथिंबिरीचा पाला आम्हाला आणि देठ तिला. एकदा तिला उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली. अर्ध्या तासाने बघते तर ती वळून माझ्याकडे तोंड करून बसलेली. कासवाशी भांडण करून जिंकता येत नाही, त्याला वेळच वेळ असतो.

शहाण्णवच्या ऑगस्टमध्ये ठिगळाची एक कड उचलली. मीच पाहिली, कारण दिवसातून चार वेळा तिकडे बघणारी मीच. नख आत गेलं. वास घेतला तर कुबट. कवच वाढतं, अ‍ॅक्रिलिक वाढत नाही. पाच वर्षांत ठमी वाढली होती आणि ठिगळ होतं तेवढंच राहिलं होतं.

‘सॅटर्डेची व्हेटची अपॉइंटमेंट घेतो,’ राकेश म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

‘मी करते.’

‘तू?’

‘घासून काढायचं, आतून साफ करायचं, वाळू द्यायचं, गरज असेल तर पुन्हा लावायचं. हेच शिकलेय मी पाच वर्षं.’

‘रिस्क नको यार. तिला काही झालं तर?’

‘मला काही झालं तर एवढा घाबरशील का रे?’

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत केली. शेवटी असं ठरलं, की मी काढायचं, आणि नवीन लावायच्या आधी व्हेटला, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरला, एकदा दाखवायचं. माझ्या मनात काय होतं ते मी सांगितलं नाही. मला ठमीला बरं करायचं होतं, ते होतंच. पण त्याहून जास्त मला त्या बाईचं काम मुळापासून घासून त्याची पावडर झालेली बघायची होती.

सामानासाठी दादाराव काकांकडे गेले. काका आमच्या नागपूरचेच, वीस वर्षांपासून डॅलसमध्ये एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या करतात. आमच्यासारख्या नवीन आलेल्यांचा पहिला जेवणाचा डबा त्यांच्याच घरचा असतो.

‘जय भीम काका. पिंक पावडर, लिक्विड आणि लॅबचा घासायचा हँडपीस पाहिजे होता. दोन दिवसांसाठी.’

‘जय भीम बेटा. कवळी कोणाची करतेस?’

‘ठमीची.’

काका पोट धरून हसले. ‘पुन्हा पडली का? मागल्या वेळी हर्षिता घेऊन गेली होती सगळं...’ आणि तिथे त्यांनी जीभ चावली. आत कांता काकूंनी वरणाखालचा गॅस बंद केल्याचा आवाज मला ऐकू आला.

हर्षिता. दीड वर्ष बिनचेहऱ्याची होती, आता नाव मिळालं.

‘काकू, सांगून टाका,’ मी म्हटलं. ‘नाहीतर मी याच्यापेक्षा वाईट काहीतरी मनाने रचीन.’

काकूंनी पदराला हात पुसले आणि माझ्यासमोर बसल्या. ‘संपलेली गोष्ट आहे बाई. पुण्याची पोरगी. तिकडे बीडीएस झालेली, इथं पुन्हा दोन वर्षं शिकत होती. कासव पडलं तेव्हा ते टॉवेलात गुंडाळून इथं घेऊन आली, रडत. ह्यांच्याकडून सामान घेतलं आणि ह्याच टेबलावर ठिगळ लावलं. कुणाला मध्ये बोलू दिलं नाही.’

‘मग?’

‘मग तिचे आईवडील आले. राकेशला भेटायला म्हणून आमच्याच घरी बसवलं. चहा दिला. त्यांनी आडनाव विचारलं. ह्याने सांगितलं, गजभिये.’ काकूंनी टेबलाकडे बोट केलं. ‘कप अर्धे टाकून उठले. जात आडवी आली, दुसरं काय. पोरगी महिन्याभरात बोस्टनला निघून गेली. राकेश तीन महिने इथं जेवायला होता, पण जेवत नव्हता.’

मी माहेरची खोब्रागडे. ते अर्धे कप कुणाच्या तोंडावर ठेवले होते ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. राकेश त्या खुर्चीत कसा बसला असेल ते डोळ्यांसमोर आलं आणि वाटलं, उठून जावं आणि त्याला ऑफिसातून घरी घेऊन यावं. हे सगळं खरं. पण पोटातली जळजळ तरीही गेली नाही, उलट वाढली. भांडून गेलेली असती तर बरं झालं असतं. भांडण संपतं. हे दुसऱ्यांनी मध्येच तोडलेलं होतं, आणि तसं तुटलेलं मनात किती वर्षं चालू राहतं कोण जाणे.

संध्याकाळी जेवताना मी म्हटलं, ‘हर्षिताने छान काम केलं होतं.’

घास हातात राहिला त्याच्या. मग सावकाश म्हणाला, ‘काकूंनी सांगितलं?’

‘तू सांगायला हवं होतंस.’

‘काय सांगणार? एक फोन आला. इट वोन्ट वर्क, राकेश. बस. दोन वर्षांचं दोन मिनिटांत.’ तो ताटाकडे बघत होता. ‘सगळे म्हणतात आईवडील, आईवडील. निमित्त होतं ते. तिलाच ते आडनाव नको होतं. नाहीतर एकदा तरी बोलली असती ना? माझं आडनाव तिने एकदाही तोंडातून काढलं नाही. दोन वर्षांत एकदाही नाही.’

मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं. ती वाईट ठरली याचं एवढं बरं वाटलं, की मी त्याला आणखी भात वाढला.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेल्यावर पॅटिओवर टॉवेल अंथरला. तोंडाला मास्क बांधला, ठमीला दोन विटांच्या मध्ये बसवलं आणि हँडपीस सुरू केला. ती फुस्स करून डोकं आत घेऊन बसली. सात महिने प्रॅक्टिस आणि दीड वर्ष सुट्टी, पण हात विसरले नव्हते. थोडं घासायचं, पाणी सोडायचं, कवच गरम होऊ द्यायचं नाही. कोरलेल्या रेषा एकेक करून गेल्या. गुलाबी भुकटी माझ्या मांडीवर पडत होती आणि मी, काय सांगू, जवळजवळ गुणगुणत होते.

निम्म्यावर आले तेव्हा खाली पांढरं दिसलं. आधी वाटलं हाड लागलं. हँडपीस बंद केला. हाड नव्हतं, कागद होता.

मी काय ते लगेच ओळखलं. ही आमची कॉलेजातली पद्धत. सरकारी दवाखान्यातल्या म्हाताऱ्यांच्या कवळ्यांची अदलाबदल होते, म्हणून कवळी करताना अ‍ॅक्रिलिकच्या दोन थरांमध्ये चिठ्ठी घालायची. पातळ कागद, त्यावर पेशंटचं नाव, तारीख, डॉक्टरचं नाव. लिहायचं पेन्सिलने, कारण लिक्विडमध्ये शाई पसरते. पुण्या-मुंबईकडेही तसंच शिकवत असणार. उरलेला थर मी चिमट्याने सोलला. तुकडा निघाला, काचेत ठेवल्यासारखी आत चिठ्ठी. अक्षर बारीक, सरळ, दहापैकी नऊवालं.

पेशंट: ठमी राकेश गजभिये. १९ ऑक्टोबर १९९१.

आणि खाली: डॉ. सौ. हर्षिता राकेश गजभिये.

ते ‘सौ.’ मी पुन्हा वाचलं. लग्न झालं नव्हतं. चहाचे कप अजून टेबलावर यायचे होते. या पोरीने कुणाला न विचारता, कुणाला न सांगता, त्याचं आडनाव लावून बघितलं होतं. आणि लावून, कुणाला कधीच दिसणार नाही अशा जागी बंद करून ठेवलं होतं. पाच वर्षं त्याचा अंगठा त्याच नावावरून फिरत होता आणि त्याला माहीत नव्हतं.

माझा पासपोर्ट गजभिये म्हणतो, तो व्हिसासाठी. माझी डिग्री खोब्रागडे म्हणते. ‘डॉक्टर’ आणि ‘गजभिये’ मी एका ओळीत कधी लिहिलंच नव्हतं. तेही तिनेच आधी लिहून ठेवलं होतं. असं वाटलं, या घरात मी जे जे पहिल्यांदा करणार, ते ते ही बाई आधीच करून गेली आहे.

चिठ्ठी मी डिग्रीच्या प्लास्टिकच्या फाइलमध्ये दडवली. आतली भेग साफ केली. बरीचशी भरली होती, अंगठ्याएवढी जागा मऊ होती. औषध लावून वाळत ठेवली.

राकेशने आल्यावर विचारलं, ‘आत काय निघालं?’

‘घाण,’ मी म्हटलं.

चार दिवस मी ते पोटात ठेवलं. त्याला कळलं, तर तो आयुष्यभर म्हणत राहील की तिने मला सोडलं नाही. नाही कळलं, तर म्हणत राहील की तिला माझं आडनाव नको होतं. ती जखम मी एका मिनिटात बुजवू शकत होते, आणि बुजवत नव्हते, कारण ती बुजली की तिथे हर्षिता कायमची राहायला येईल अशी मला भीती होती. मी स्वार्थी होते. हे मला तेव्हाही माहीत होतं.

शनिवारी व्हेटकडे गेलो. चिठ्ठी घरी ठेवायला जीव धजेना, म्हणून पर्समध्ये टाकली. व्हेट एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी भिंग लावून भेग बघितली, वास घेतला आणि विचारलं, हे क्लीनिंग कुठल्या क्लिनिकमध्ये केलं?

‘माय वाइफ,’ राकेश म्हणाला. ‘शी इज अ डेंटिस्ट.’

दीड वर्षात पहिल्यांदा. ‘घरीच’ नाही. मी खाली बघितलं, कारण माझे डोळे भरून आले होते आणि ठमी माझ्याकडे टक लावून बघत होती.

बाई म्हणाल्या, लहानसं नवीन ठिगळ लावा, पातळ, दोनेक वर्षांत काढायचं. मग मी डबीत आणलेले जुन्या ठिगळाचे तुकडे त्यांनी हातात घेतले. पाच वर्षं टिकलं, म्हणाल्या. असं काम मी फार कमी बघितलंय. हे करणाऱ्याला माझ्याकडून सांगा.

‘वी लॉस्ट टच,’ राकेश म्हणाला. आणि मग, उगाच, कुणी विचारलं नसताना, ‘शी डिडन्ट रिअली केअर.’

माझी कौतुकाची मिठाई तिथल्या तिथे कडू झाली. दुसऱ्याच्या कामाला मी कमी मार्क देईन, जळेन, घासून टाकीन, पण केलेलं काम केलंच नाही असं माझ्यासमोर कुणी म्हणायचं नाही. तिला फरक पडत होता. माझ्या पर्समध्ये तिच्या अक्षरात पुरावा होता.

पार्किंगमध्ये गाडीत बसलो. ठमी मागच्या सीटवर खोक्यात. राकेशने एसी लावला. मी पर्स उघडली आणि तो तुकडा त्याच्या हातात दिला.

त्याने वाचलं. एसीच्या वाऱ्याने चिठ्ठी थरथरली, कारण एका बाजूने तिची कड अ‍ॅक्रिलिकबाहेर आली होती. त्याने हात पुढे करून एसी बंद केला. ऑगस्टमधलं टेक्सास, बंद काचा, आणि तो वाचत होता. चार ओळीसुद्धा नव्हत्या, पण तो वाचतच होता. माझ्या कपाळावरून घाम ओघळून हनुवटीला आला, तरी मी काच उघडली नाही.

‘तू वाचलंस?’ शेवटी म्हणाला.

‘मंगळवारी.’

‘मग सांगितलं का नाहीस?’

‘जळत होते.’

‘आणि आता?’

‘आताही जळतेय.’

तो माझ्याकडे बघत राहिला. पहिल्यांदाच भेटल्यासारखा. मग त्याने माझ्या हनुवटीवरचा घाम अंगठ्याने पुसला आणि अंगठा तिथेच राहिला, पुढे-मागे, त्याला न कळत.

‘उपासना,’ तो म्हणाला, ‘हे परत आत ठेवता येईल?’

मला नाही म्हणता आलं असतं. ओल धरेल, कागद चिकटणार नाही, डॉक्टर मी आहे, काहीही सांगता आलं असतं.

‘येईल,’ मी म्हटलं. ‘पण माझी चिठ्ठी वर राहील.’

रविवारी सकाळी त्याने ठमीला धरलं आणि मी पावडर कालवली. पहिला थर, त्यावर हर्षिताची चिठ्ठी, त्यावर पातळ थर. मग मी पेन्सिलला टोक केलं आणि लिहिलं: ठमी राकेश गजभिये. १ सप्टेंबर १९९६. डॉ. उपासना राकेश गजभिये. ‘सौ.’ लावलं नाही. ते तिने आधीच वापरलं होतं. माझी चिठ्ठी ठेवली, शेवटचा थर दिला आणि घट्ट होईपर्यंत वाट बघून रेषा कोरल्या. दोन तास लागले. मॅडमनी साडेआठ दिले असते.

राकेश म्हणाला, ‘आता कुणाला दिसणारसुद्धा नाही आत काय आहे ते.’

कासवं शंभर वर्षं जगतात म्हणे. आम्ही नसू तेव्हाही कधीतरी कड उचलेल, कुणीतरी हे ठिगळ घासायला बसेल. तेव्हा त्याला आधी मी लागेन.